डावीकडे जाणारी रायफल

शूर माणसाचं काम एका किश्शात आटपतं. गेला, लढला, परत आला किंवा नाही आला. भित्र्या माणसाच्या बाबतीत मात्र रोज काहीतरी घडत असतं! म्हणून आमच्या मंडळाकडे किस्से फार साठले. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत राहणारे आम्ही चौघे, संध्याकाळी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसून रोज नव्या कशाला तरी घाबरायचो. डॉक्टर पाटणकर, म्हणजे आमचे आबा, रोगाला घाबरायचे. वकीलसाहेब कायद्याला घाबरायचे. शास्त्रीबुवा विटाळाला. मी शाळेत गणित शिकवायचो, मी हेडमास्तरांना घाबरायचो. आणि सरकारला सगळेच. राज्य इंग्रजांचं होतं, आणि त्या वर्षांत बनारसमध्ये कुणाच्या घरात काय सापडेल आणि कोण कधी उचलला जाईल याचा काही नेम नव्हता.

अशा चौघांच्या गळ्यात एक रायफल पडली.

*

झालं असं की आबांनी कलेक्टरसाहेबाच्या मडमेचा ताप उतरवला. साहेब खूष झाला. म्हणाला, "डॉक्टर, आम्ही शूटिंग क्लब काढतो आहोत. शहरातली चार सभ्य माणसं पाहिजेत. तुम्ही एक छोटी रायफल घ्या. लायसन मी देतो."

आबांनी आयुष्यात ढेकूणसुद्धा दुसऱ्याकडून मारून घेतलेला. पण कलेक्टरला नाही कोण म्हणणार? ते "येस सर" म्हणून घरी आले आणि पांघरूण घेऊन झोपले.

संध्याकाळी वकीलसाहेब म्हणाले, "घेतली नाहीत तर साहेब विचारील, का नाही घेतली? घेतलीत तर पोलीस विचारतील, का घेतली? आणि हरवलीत तर कुणी काही विचारणारच नाही. सरळ काळं पाणी!"

शास्त्रीबुवांनी तिथल्या तिथे रामरक्षा सुरू केली.

*

छावणीत मिर्झासाहेबांचं बंदुकांचं दुकान होतं. म्हातारे, मेंदी लावलेली दाढी, बोलणं मधाळ. आबांनी मान खाली घालून मागणी सांगितली, "सस्ती हो, सच्ची हो, और... आवाज़ कम हो."

मिर्झासाहेब हसले नाहीत. त्यांनी बोटाच्या पेराएवढं काडतूस आमच्यापुढे ठेवलं. इतर काडतुसांना बुडाच्या मधोमध टोपी असते, तिच्यावर ठोका बसतो. याला टोपीच नाही. बुडाच्या कडेवर ठोका बसतो आणि बार उडतो. त्यामुळे दारू थोडी, धक्का थोडा, आवाज थोडा, आणि खर्चही थोडा. आमच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं.

मग तीन रायफली आल्या. तिन्ही बोल्टच्या, म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा मागं ओढायचा, काडतूस घालायचं, कडी लावायची. पहिली चकचकीत, विलायती, एकदम बरीच काडतुसं पोटात घेणारी. वकीलसाहेब दोन पावलं मागं सरले. "जितकी काडतुसं, तितकं कलम मोठं! ही नको." दुसरी स्वस्त होती, पण तिची कडी हलत्या दातासारखी डुगडुगत होती. तिसरी साधी. दस्त्यावर ओरखडे, एका वेळी एकच काडतूस.

"नाचणारी घोडी वरातीत शोभते हुज़ूर," अशा अर्थाचं काहीतरी म्हणत मिर्झासाहेबांनी पहिल्या दोन बाजूला सारल्या. तिसरी घेऊन ते मागच्या अंगणात गेले. भिंतीला कागद लावला, शांतपणे पाच गोळ्या घातल्या. आम्ही कान दाबून, डोळे मिटून उभे.

कागदावर भोक एकच! पाचही गोळ्या त्यातूनच गेलेल्या. फक्त ते भोक मधल्या काळ्या ठिपक्याच्या डावीकडे होतं, चांगलं चार बोटं.

"ये बंदूक़ नहीं हुज़ूर, सुई है. नळीच्या टोकाला ही माशी आहे ना, नेम धरायची? ती तिरकी बसली आहे. ठोका दिया, ठीक हुआ." त्यांनी हातोडी उचलली.

"थांबा!" वकीलसाहेब ओरडले. "लायसनच्या हत्यारात फेरफार? परवानगीशिवाय? सही कुणाची? जबाबदार कोण?"

हातोडी खाली ठेवली गेली. मिर्झासाहेबांनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. शेवटी गणिताचा मास्तर म्हणून मी तोड काढली. रायफल डावीकडे मारते, तर आबांनी नेहमी चार बोटं उजवीकडे नेम धरायचा. सगळ्यांना पटलं.

घरी पटलं नाही. काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "तवा कलला तर आम्ही तवा सरळ करतो हो. घावन तिरकं नाही घालत."

वकीलसाहेब मोठ्यानं हसले. काकू हसल्या नाहीत.

*

ती रायफल घरी आणली तो प्रसंग तर राहिलाच.

लायसन आबांच्या खिशात होतं. तरी वकीलसाहेबांचा आग्रह, कुणाला दिसता कामा नये. मिर्झासाहेबांनी पांढऱ्या लठ्ठ्यात गुंडाळून दिली आणि बजावलं, नळी कधी कुणाकडे रोखायची नाही. चौकापर्यंत इक्का होता. पुढे गल्ल्या, म्हणजे पायीच. नळी कुणाकडे रोखली जाऊ नये म्हणून आबांनी ते गाठोडं दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि छातीशी धरलं. पुढे शास्त्रीबुवा रामरक्षा म्हणत, मागे आम्ही दोघं, तोंडं उतरलेली.

काशीच्या गल्लीत पांढऱ्या कापडातलं दोन हात लांब गाठोडं, घेणाऱ्याचे पाय लटपटताहेत, आणि मंडळी गंगेच्या दिशेनं चाललेली. लोक बाजूला होऊ लागले. हात जोडू लागले. एका दुकानदारानं फळी अर्धी ओढून घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी मान आणखी खाली घातली.

वळणावर शिपाई उभा! आबा थिजले. शिपायानं गाठोड्याकडे पाहिलं, पगडी सारखी केली, हळूच विचारलं, "केकर लइका रहल, बाबूजी?" कुणाचं लेकरू होतं?

भीतीनं आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शिपायानंही डोळे पुसले. "धीरज धरीं बाबूजी, धीरज धरीं," म्हणत तो बिचारा दूधविनायकापर्यंत लोकांना बाजूला करत आमच्या पुढे चालला!

घरी पोचल्यावर शास्त्रीबुवा आत आलेच नाहीत. परस्पर घाटावर जाऊन डोक्यावरून स्नान करून आले. "काही झालं नाही हे खरं," म्हणाले, "पण मनाला शंका नको."

*

रायफल ठेवायची कुठे? सगळ्यात सुरक्षित जागा देवघर. पण तिचा पट्टा चामड्याचा! शास्त्रीबुवांनी कानांवर हात ठेवले. काकूंनी पट्टा सोडला आणि जुन्या लुगड्याचा हिरवा काठ दुमडून, शिवून तिथे लावला. देवघरातल्या लाकडी पेटीत रायफल गेली. पेटीला कुलूप, किल्ली आबांच्या जानव्याला.

पंधरवडा गेला असेल. आबांच्या दवाखान्यात एक तरुण आला. तळहात भाजलेला, बोटं काळी पडलेली. "स्टोव्ह भडकला," म्हणाला. स्टोव्हनं भाजलेला हात आबांनी जन्मभर पाहिला होता. हा तसा नव्हता, दारू उडून भाजलेला होता. आबा काही न बोलता पट्टी बांधत होते. उठता उठता तो हळूच म्हणाला, "सुना है आपके यहाँ एक अच्छी चीज़ आई है, डॉक्टर साहब. सँभालकर रखिएगा. काम की चीज़ है."

त्या दिवशी घाटावर आबांच्या हातातली चंची तीनदा पडली. पोलिसांना सांगावं तर हे क्रांतिकारक सोडणार नाहीत. न सांगावं तर पोलीस सोडणार नाहीत. रायफल कुणाच्या हातात गेली की फास आबांच्या गळ्यात, हे चौघांनाही स्वच्छ दिसत होतं.

काकूंनी किल्ली मागून घेतली आणि कमरेला खोचली. "तुम्ही झोपेत बडबडता," म्हणाल्या. "ही माझ्याकडे बरी."

आठवड्यानं आबांनी सहज विचारलं, तो भाजलेला पोरगा पट्टी बदलायला आला नाही वाटतं?

"आला होता," काकू म्हणाल्या. "तुम्ही बाहेर होतात. मीच बदलली."

*

मग खंडेनवमी आली. घरातल्या शस्त्रांची पूजा. इतकी वर्षं आबांकडे विळी, अडकित्ता आणि दवाखान्यातल्या सुऱ्या पाटावर असायच्या. यंदा रायफल! हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली. तेवढ्यानं भागतं. पण शास्त्रीबुवांना चेव चढला. "एवढं तेजस्वी शस्त्र, आणि अभिषेक नाही?" बोल्ट उघडा होता. पळीपळीनं दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं पंचामृत रायफलीच्या पोटात गेलं. वर गंगोदक.

पुसून पेटीत ठेवली. दसरा आनंदात गेला.

आणि त्याच सुमाराला कुणीतरी पोलीस चौकीच्या दारावरचा कंदील गोळी घालून फोडला. गोळी बारीक, आमच्या रायफलीत बसते तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी दारोगाजी आबांच्या दारात.

काकूंनी पेटी उघडली. दारोगाजी वाकले आणि तसेच राहिले. देवघराच्या उंबऱ्यापासून मुंग्यांची रांग निघाली होती, ती पेटीवर चढून रायफलीच्या नळीत शिरत होती. दुसरी रांग बाहेर येत होती, साखर घेऊन.

"ई का है डॉक्टर साहब? बंदूक में चींटी?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "प्रसाद है."

दारोगाजींनी आधी रायफलीला नमस्कार केला, मग बोल्ट ओढला. हलेना! साखरेनं बसला होता. काकूंनी उकळतं पाणी आणलं, बोल्ट भिजवून सोडवला, काढला, नळीतून धोतराच्या चिंध्या घातलेली काठी फिरवली, तेलाचा हात दिला, बोल्ट परत बसवला. आम्ही चौघे पुरुष बघत होतो. हे त्या कधी शिकल्या, असं त्या वेळी कुणालाच वाटलं नाही, कारण आमचं सगळं लक्ष दारोगाच्या कमरेच्या बेड्यांकडे होतं.

वरुणा नदीपलीकडच्या एका बागेत नेऊन दारोगाजींनी स्वतः रायफल झाडून पाहिली. नेम मडक्यावर, गोळी डावीकडच्या झाडात. पुन्हा मडक्यावर, पुन्हा झाडात. दारोगाजी पोट धरून हसले. "इससे लालटेन तो क्या फूटेगी! जाइए डॉक्टर साहब, पूजा कीजिए!"

वकीलसाहेब परतताना अभिमानानं म्हणाले, "बघा! माशी सरळ केली असती, तर आज आबा आत असते."

खरंच होतं ते. त्या दिवसापासून डावीकडे जाणं हाच आबांचा जामीन झाला. सगळ्या चौकीला ठाऊक, डॉक्टरची रायफल डावीकडे मारते.

*

नाताळात कलेक्टरसाहेबानं क्लबाची स्पर्धा ठेवली. आबांना आदल्या दिवसापासून जुलाब. निघताना काकूंनी हातावर दही घातलं, रायफल दिली आणि म्हणाल्या, "आज सरळ धरा हं. उजवीकडे नको."

आबांनी ऐकलं न ऐकलं केलं. त्यांच्या डोक्यात माझी चार बोटं होती.

मैदानावर साहेब, मडम, खुर्च्या. कडेला दारोगाजी उभे, डोळे तांबारलेले. मी आबांजवळ काडतुसं धरून उभा होतो. दारोगाजी जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काल पुन्हा कंदील फुटला, मास्टर साहब. ठीक बीचोबीच. कुणीतरी पक्का नेमबाज आहे शहरात." मग आबांच्या पाठीवर थोपटून हसले, "आपकी फ़िक्र नहीं. आपकी तो बाएँ जाती है."

आबा रायफल घेऊन जमिनीवर पालथे झाले. शिकवल्याप्रमाणे चार बोटं उजवीकडे नेम धरला. चाप ओढला.

गोळी चार बोटं उजवीकडे गेली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. नळीच्या टोकाशी, माशीच्या बुडाला, लोखंडावर नखाएवढी जागा ताजी चकाकत होती. माशी सरकली होती.

दारोगाजी मागेच उभे होते. आता सरळ नेम धरला, तर गोळी ठीक बीचोबीच लागणार, सगळ्यांच्या देखत! आबांनी ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उजवीकडे धरलं. मग त्याहून उजवीकडे. शेवटची गोळी तर कागदालाच लागली नाही. साहेब हसला, मडम हसली, आबा सगळ्यांत शेवटचे आले.

"आज दाएँ?" दारोगाजींनी विचारलं. त्यांच्या हसण्यात हसू जरा कमी वाटलं.

"हाथ काँपता है, साहब," आबा म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

आम्ही घरी आलो. काकूंनी रायफल घेतली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पानं वाढलेलीच होती. आबांच्या भातावर कढी वाढता वाढता त्या म्हणाल्या,

"पहिली उजवीकडे गेली असेल ना? मी सांगितलं होतं."