शेवटची बंडी

दिग्रसच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस न्यायचा दिवस होता. साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. आमच्या बंजारा तांड्यावरून बारा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, निघायच्या होत्या आणि त्यात सगळ्यात पळणारे बैल माझे होते... निदान मी तरी तसं सांगत फिरायचो.

मी एकोणीस वर्षांचा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारे. त्या लदेणीत सगळ्यात पुढच्या बैलाच्या शिंगांना कवड्या, गळ्यात घुंगरं, सगळा मान त्याचा. आजोबांकडून हे इतकं ऐकलं होतं की पुढे चालण्यातच सगळी इज्जत, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. त्या दिवशी मी माझ्या बैलांनाही कवड्या बांधल्या.

त्याच साली हवालदार काका फौजेतून पेन्शनवर घरी आले होते. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तांड्याच्या नायकानं बंड्यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. गळ्यात शिट्टी, पायांत फौजेचे बूट आणि हुकूम हिंदीत... आम्ही पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

काकांनी शिट्टी मारली आणि सगळ्यात पुढे लावली ती सोनीयाडीची बंडी. याडी म्हणजे आई, त्या म्हातारीला सगळा तांडा तसंच म्हणायचा. तिचे बैल तिच्याइतकेच थकलेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू सगळ्यात शेवटी.

घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली, पण सगळ्यांना कळावं म्हणून इथलं बोलणं वऱ्हाडीत लिहितो. मी म्हणालो, "काहून जी काका? माहे बैल तर सगळ्यात तेज हायेत." काका एवढंच बोलले, "ऑर्डर है. सवाल नहीं."

चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं. बाया हसल्या आणि थावरा तर जास्तच हसला. थावरा माझा दोस्त, त्याची बंडी माझ्या अगदी पुढे. वाटभर नाकातोंडात त्याच्या चाकांची धूळ जात होती आणि मी मनातल्या मनात काकांचा उद्धार करत होतो.

नाल्याच्या अलीकडे एक पांदण, शेतातली गाडीवाट, फुटते, ती पुढे सडकेला मिळते. मी कुणाला न सांगता बैल तिकडे घातले. सगळ्यांच्या आधी जिनाच्या फाटकावर पोचलो आणि मिशीला पीळ देत उभा राहिलो... मिशी अजून धड फुटली नव्हती ती गोष्ट वेगळी.

तासाभरानं बाकीच्या बंड्या आल्या. काका ओरडतील असं वाटलं होतं, पण ते फाटकातच उभे राहिले. बोटानं बंड्या मोजत होते. अकरा... पुन्हा मोजल्या, अकराच. थावरा नव्हता.

काका आल्या वाटेनं पळत सुटले आणि मी त्यांच्या मागे. चाळिशी ओलांडलेला माणूस, दीड कोस पळाला. त्या बुटांचा आवाज अजून कानात आहे.

नाल्याच्या उतारावर थावऱ्याच्या बंडीच्या चाकांचा आख मोडला होता. बंडी कलंडली आणि त्याचा पाय चाकाखाली अडकला. भर दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना जंगल... ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. पुढच्यांना घुंगरांच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही, आणि मागे असायला हवा होतो तो मी.

काकांनी चाकाला खांदा लावला, मी थावऱ्याला ओढून बाहेर काढलं. काकांनीच त्याला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणलं आणि एका ट्रकवाल्यानं आम्हाला दिग्रसच्या दवाखान्यात सोडलं. पाय वाचला, पण त्यानंतर तो कायम थोडा लंगडतच चालला.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडलो. लाजेनं रडलो, सरळ सांगतो. काकांनी दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते नुसते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "चूक माही बी हाय. हुकूम सांगतला, पन काहून ते नाही सांगतलं. फौजेत कोनी इचारत नाही, म्हून तशी सवय लागली."

मग त्यांनी सांगितलं. पहाडातल्या रस्त्यावर त्यांच्या ताफ्यातली शेवटची गाडी दरीत घसरली होती, आत दोन जवान. ताफ्याची मोजदाद काकांकडे होती आणि त्यांना कळलं ते मुक्कामावर पोचल्यावर... दोघंही वाचले नाहीत; त्यांची नावं काकांनी मला सांगितली.

"पुढं कोनीबी चालते, बापा. पन जो पडते, तो मांगच्यालेच दिसते. म्हून शेवटी भरोशाचा मानूस लागते."

दुसऱ्या दिवशी परत निघताना मी बंडी मध्येच कुठेतरी घुसवली. शेवटी उभं राहायला मला तोंड नव्हतं. काकांनी थावऱ्याला स्वतःच्या बंडीत निजवलं, सोनीयाडीला पुढे लावलं आणि माझ्या बैलांचा कासरा धरून मला सगळ्यांच्या मागे नेऊन उभं केलं. या वेळी हिंदी नव्हती. "तूच राह्य मांगं," एवढंच म्हणाले.

मी बैलांच्या कवड्या सोडल्या आणि सोनीयाडीच्या म्हाताऱ्या बैलांच्या शिंगांना बांधून आलो. याडी लाजली, म्हणाली, "माह्या बैलाईले कायले रे नटवतं?" पण सोडू काही दिल्या नाहीत.

पुढे मी वनखात्यात लागलो. पांढरकवड्याकडच्या जंगलात उभी नोकरी काढली. वणवा विझवायला माणसं घेऊन जायचो तेव्हा परतताना शेवटी मीच असायचो, आणि प्रत्येक हुकुमासोबत त्याचं कारणही सांगायचो. काकांची चूक आणि काकांची शिकवण, दोन्ही उपयोगी पडल्या.

काका गेले तेव्हा त्यांच्या मुलानं मला हाताला धरून पुढे नेलं, तुमचा मान आहे म्हणाला. मी खांदा दिला आणि थोड्या वेळानं मागे आलो. थावरा लंगडत येत होता, त्याला माझ्या पुढे घातलं...

मग मी शेवटी चालत राहिलो. एकदा वळून पाहिलं, मागे कुणी राहिलं नव्हतं. काकांनी मोजलं असतं तर त्या दिवशी सगळे भरले असते.