एमडीसाठी स्थळ

सुविधाचा फोन आला तेव्हा रचना बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात गेटपासांवर शिक्के मारत होती.

"एमडीच्या प्रवेशाची रँक आली," सुविधा म्हणाली. "मेडिसिन मिळतंय. पाहिजे तिथं मिळतंय."

शिक्का कागद सोडून टेबलावरच उमटला. निपाणीच्या मराठी शाळेत दोघी एका बाकावर बसत. पुढं रचना मराठी घेऊन बी.ए. झाली आणि या ऑफिसात लागली. सुविधा हुबळीला जाऊन डॉक्टर झाली. तिच्या गल्लीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूच्या वखारीत राबलेल्या. तिची आई सोनुबाईही त्यातलीच. वडील भीमाप्पा एसटीत कंडक्टर होते, ते आता निवृत्त झालेले. त्या गल्लीतली ही पोरगी आता एमडी करणार होती. मेडिसिन म्हणजे पोटापासून मेंदूपर्यंत, चिरफाड न करता जेवढं बरं करता येतं तेवढं सगळं.

रविवारी रचना निपाणीला पोचली तर सुविधाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाकडं सल्ला होता.

"मेडिसिन कशाला? स्किन घे की," मष्णूमामा म्हणाला. "माणूस मरत न्हाय, बरंबी हुत न्हाय. जल्मभर येत राहतंय."

"मामा, तुमचं नायटं गेलं का?" सुविधानं विचारलं.

"न्हाय."

"मग तुम्हीच माझं पहिलं गिऱ्हाईक झाला असता."

सगळे हसले. मामाही हसला आणि मान खाजवत बाहेर गेला.

मेडिसिन घ्यायचं हे सुविधाचं कधीच ठरलं होतं. अडलं होतं ते कुठं घ्यायचं यावर. शेवटी दोन जागा उरल्या होत्या. एक बेंगळुरातलं नावाजलेलं कॉलेज. दुसरं सरकारी, चिकोडीच्याही पुढं, एसटीनं अर्धा दिवस लागेल अशा जिल्ह्याच्या गावचं. ज्या कॉलेजाचा ऑप्शन वर टाकील तेच तिला मिळणार, हे गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून दिसत होतं. सोमवारी संध्याकाळी ऑप्शन बंद होणार होते. त्यानंतर तीन वर्षं हलता येणार नव्हतं.

भीमाप्पांचं मन बेंगळुरात होतं. ते तसं बोलत नव्हते. फक्त येणाऱ्या प्रत्येकाला बेंगळूरची गाडी कितीला सुटते ते सांगत होते.

सुविधानं बेंगळूरच्या एका शेवटच्या वर्षाच्या डॉक्टरला फोन लावला. त्यानं भरभरून कौतुक केलं. मग तिनं जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजातल्या, तशाच शेवटच्या वर्षाच्या डॉक्टरला फोन लावला. त्यानंही भरभरून कौतुक केलं. फोन ठेवून तिनं वहीत दोन्ही नावांपुढं सारख्याच खुणा केल्या.

सोनुबाई भाकरी थापत ऐकत होती.

"थोरल्या सुनेला काय इचारतीस गं?" ती म्हणाली. "ती आता त्याच घरची झालेली असतीया. चांगलंच सांगणार. तुझ्या थोरल्या आक्काला द्यायच्या आधी आम्ही काय केलं? त्या घरच्या नव्या सुनेला गाठलं, गिरणीत. पीठ दळूस्तवर सगळं कळालं."

"आई, ते लग्न होतं."

"हे काय येगळं हाय? तीन वर्सं दुसऱ्याच्या दारात नांदायचं. जेवायला घालत्यात का, निजू देत्यात का, चुकलं तर कसं बोलत्यात. हेच बघायचं असतंय."

रचनाला हसू आलं. सुविधा मात्र हसली नाही. तिनं आईकडं बघितलं आणि बेंगळूरच्या पहिल्या वर्षाच्या मुलीचा नंबर मिळवला. ती हासनची होती. नीट बोलली. शिकवणारे उत्तम, यंत्रं सगळी, पुस्तकं हवी तेवढी. फक्त रांग मोठी. हृदयाचा पेशंट हृदयाच्या विभागात जातो, मेंदूचा मेंदूच्या. आपण बघतो आणि लिहून घेतो. हात लावायची पाळी पुढं येते.

"बघा," सोनुबाई म्हणाली. "आता दुसरीकडची सून."

"तिचा नंबर मिळत न्हाय."

"मग जाऊन गाठायची."

सोमवारी पहाटेच्या गाडीला चौघं चढली. रचनानं ऑफिसला ताप असल्याचं कळवलं. भीमाप्पांनी कंडक्टरशी अशी ओळख काढली की पुढच्या दोन सीटा मिळाल्या आणि चिकोडीला चहाही. सोनुबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं होतं. रचना खिडकीतून उसाचे फड बघत होती आणि मध्येच सुविधाकडं. सुविधा सारखी मोबाइल उघडत होती. बेंगळूर वर. बेंगळूर खाली. परत वर.

दवाखान्याचा मेडिसिन वॉर्ड लांबलचक होता. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मध्ये चटया. टोकाच्या खिडकीशी एक तरुण डॉक्टर उभ्या उभ्या चपातीची गुंडाळी खात होता. गळ्यात स्टेथोस्कोप, डोळे तांबारलेले. सुविधानं कन्नडमधून विचारलं, पहिलं वर्ष का? तो हो म्हणाला. नाव नागेंद्र. बोलण्याच्या हेलावरून तो मराठी बोलणारा आहे हे सोनुबाईनं ओळखलं.

"कुठलं रं तू, बाळा?"

तो चमकला. "खानापूरकडचा, मावशी."

"शेती?"

"भात हाय थोडं."

सोनुबाईनं तिथंच गाठोडं सोडलं. त्याच्या हातातली वाळकी चपाती काढून घेतली आणि भाकरी दिली. तो नको म्हणाला नाही.

"घरला कधी गेलतास?"

त्याला आठवावं लागलं. "गणपतीला गेलतो."

"खाताना उठवत्यात का?"

"रोज."

"मोठी डॉक्टरं शिव्या देत्यात?"

त्यानं दाराकडं बघितलं. "देत्यात. पेशंटसमोर न्हाय."

"आणि आजारी पडलास तर?"

"पडलोतो की. टायफॉइड झालता. सीनियर मॅडमनी माझी ड्यूटी केली, आणि कुणाला बोलल्या न्हाईत. सलाइन सरांनी लावलं." तो जरा थांबला. "मावशी, झोप पाहिजे असंल तर मात्र हितं येऊ नका."

रचनाच्या लक्षात आलं, वॉर्डातल्या नर्सा एकेक करून दाराशी गोळा झाल्या होत्या. एक वयस्कर सिस्टर चहाचा ट्रे घेऊन आली. बाकी वॉर्डात चहा कुणाला नव्हता. ट्रेमध्ये बिस्किटंही होती. सिस्टरनं हिरवं लुगडं बघितलं, गाठोडं बघितलं, भीमाप्पांचा इस्त्रीचा शर्ट बघितला. मग सुविधाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि नागेंद्रकडं वळून समाधानानं म्हणाली, "हुडुगी चलो अदाळ."

मुलगी छान आहे.

नागेंद्रच्या घशात भाकरी अडकली. भीमाप्पांना आधी कळेना. मग कळलं आणि ते खिडकीकडं तोंड करून हसू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"सिस्टर," सुविधा कन्नडमधून म्हणाली, "मी डॉक्टर आहे. मला हे नकोत, यांचा विभाग पाहिजे."

"अय्यो," सिस्टर म्हणाली. "आम्ही याच्यासाठी साहेबांकडं सुटी मागायला निघालो होतो."

"मिळाली असती?" नागेंद्रनं विचारलं.

"तुला? लग्नाच्या दिवशी मिळाली तर नशीब समज."

सगळा वॉर्ड हसला. चटईवरचा म्हातारा कशाला हसतोय हे न कळताही हसला. त्या हसण्यातच दार आपटलं आणि स्ट्रेचर आत आलं.

एक बाई होती. उसात सापानं डसलेली. डोळे उघडायला धडपडत होती, पापण्या वर जात नव्हत्या. बोलू बघत होती, शब्द फुटत नव्हते. नागेंद्रनं भाकरी खिडकीत ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरचा मघाचा पोर कुठं गेला ते रचनाला कळलंच नाही. त्यानं औषध चालू करायला सांगितलं, बाईच्या छातीकडं बघितलं. छाती हलायची थांबत आली होती. नळी घालावी लागणार होती, घशातून, श्वासासाठी.

एक डॉक्टरबाई धावत आल्या. याच त्या सीनियर मॅडम. रचनाला वाटलं, आता नागेंद्र बाजूला होईल. पण त्या त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"घाई नको," त्या हळू म्हणाल्या. "दिसलं का?"

"न्हाय, मॅडम."

"जरा वर उचल. आता?"

"दिसलं."

"मग घाल."

नळी गेली. मॅडमनी पाठीमागचे हात सोडले नाहीत. "छाती ऐक." त्यानं ऐकली. दोन्हीकडं हवा जात होती. तेव्हा कुठं त्या वळल्या आणि त्यांना सुविधा दिसली.

"तू कोण?"

"एमबीबीएस, मॅडम. जागा बघायला आलेय."

"मग बघतेस काय? फुगा धर. व्हेंटिलेटर येईपर्यंत दाबत राहा."

सुविधानं रबरी फुगा हातात घेतला. दाबला, सोडला. दाबला, सोडला. प्रत्येक वेळी त्या बाईची छाती उचलली जात होती. रचना भिंतीला टेकून बघत होती. शाळेत डबा खाताना शेजारी बसणारी ही मुलगी आता दुसऱ्या बाईच्या वाट्याचा श्वास घेत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा उजळला होता.

व्हेंटिलेटर आला. बाईचा रंग परतला. सगळे बाहेर कट्ट्यावर येऊन बसले. सुविधानं मोबाइल काढला, पण बोट लावलं नाही. ती भीमाप्पांकडं बघत होती.

"बेंगळूर सोडून?" ते म्हणाले.

"आप्पा, तिथं मला लई बघायला मिळंल. हितं करायला मिळंल."

"निजायला मिळायचं न्हाय."

"न्हाय."

"गावात मी सगळ्यांना बेंगळूर सांगून बसलोय."

"ते मला ठाव हाय."

ते बराच वेळ चप्पल काढून परत घालत बसले. मग त्यांनी बायकोला विचारलं, "तू काय म्हणतीस?"

"घर कष्टाचं हाय," सोनुबाई म्हणाली. "पोरगं वाळलंय. पर त्या डॉक्टरबाईचं हात बघितलं न्हवं? पाठीमागं बांधून हुबारली हुती. हातातनं काढून घेतलं न्हाय, आणि सोडूनबी गेली न्हाय." ती उरलेल्या भाकऱ्या बांधू लागली. "असं घर म्या तरी दुसरं बघितलं न्हाय."

भीमाप्पांनी मान हलवली. "टाक," ते म्हणाले. "टाक वर. आणि एकदा टाकलंस की परत हलवू नको. कालपास्नं तुझं वरखाली बघून मलाच चक्कर यायला लागलीया."

सुविधानं टाकलं. बटण दाबून ऑप्शन पक्के केले. मग रचनाचा हात घट्ट धरला.

"घाबरलीस?" रचनानं विचारलं.

"न्हाय गं. भूक लागलीया."

परतीच्या गाडीत भीमाप्पांनी कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरनं ड्रायव्हरला. चिकोडी यायच्या आत अख्ख्या गाडीला कळलं होतं की पुढच्या सीटवरची पोरगी इकडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होऊन येणार. बेंगळूरचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मागच्या सीटवरून एक म्हातारी दांड्यांना धरत धरत पुढं आली, सुविधाच्या शेजारी टेकली आणि न बोलता तिच्यापुढं आपला हात केला.

"अजून जागा मिळायची हाय, आजी," सुविधा म्हणाली.

"मिळंल की," म्हातारी म्हणाली. "तवर बघून ठेव."

सुविधानं तिची नाडी धरली आणि सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारायला सुरुवात केली.