बिनचहाचा काढा

बाबांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिली कुऱ्हाड चहावर घातली. उभा जन्म चहावर काढलेला माणूस; त्यांचं उतरलेलं तोंड मला बघवेना. म्हणून घाटकोपरच्या एका दुकानातून मी 'हर्बल टी' आणला. येर्बा माते. पाकिटावर सगळी माहिती होती: झाड दक्षिण अमेरिकेतलं, तिथले आदिवासी पिढ्यान् पिढ्या त्याचा पाला पोकळ भोपळ्यात घालून, वर गरम पाणी ओतून नळीने पितात; थकवा, डोकेदुखी, अपचन, सगळ्यावर गुणकारी. खालची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत. झाडाचा पाला तो, त्याने कुणाचं काय बिघडणार?

त्यात आम्ही कोकणातले. औषधी पाला नुसता पाण्यात बुडवून द्यायचा हे मला पटेना. सर्दीच्या काढ्यासारखा मी तो खळखळून उकळला, दोन कपांचा एक केला आणि दिवसातून तीनदा द्यायला लागले. बाबा तोंड वाकडं करून प्यायचे.

पंधरवड्यात त्यांची धडधड वाढली, हात थरथरायला लागले, झोप उडाली. मला वाटलं, हे खाली टपरीवर चोरून चहा पितात. ते नाही म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. मी त्यांचं संध्याकाळचं खाली जाणंच बंद केलं. मित्र हाका मारायचे, तर मी खिडकीतून त्यांना परत पाठवायचे. वर काढ्याचा चौथा कप सुरू केला.

एका सकाळी त्यांना धाप लागली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. बाबा चहा सोडत नाहीत, अशी मी तक्रार केली आणि मी किती काळजी घेते ते दाखवायला पिशवीतून पाकीट काढलं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटं करून वाचलं.

"अहो, यात कॅफिन आहे. चहा-कॉफीत असतं तेच. किती देता?"

"चार कप," मी म्हणाले. "आटवून."

ज्या हृदयाला जपायचं म्हणून माझा एवढा आटापिटा, त्यालाच मी रोज चार वेळा, स्वतः समोर उभं राहून हे पाजत होते. भीतीने आणि शरमेने मी त्यांच्या हातातलं पाकीट घेऊन पिशवीत कोंबलं.

आजपासून हे बंद, गोळ्या चालू ठेवा, धोका टळलाय, असं त्या बाबांना सांगत होत्या. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. शर्टाची बटणं लावत ते त्यांना म्हणाले, "आधी हिका सांगा, मी टपरीर गेलंय नाय."