लेकीला न दिलेला मसाला

नव्वदच्या दशकात, कुवेतमधल्या अहमदीतल्या आमच्या घरी, गौरीजेवणाच्या सकाळी आजीने स्वतःच्या मुलीला स्वयंपाकघराबाहेर पाठवले. आमच्यात गौरीला खिम्याच्या करंज्यांचा नैवेद्य असतो. त्यांचा मसाला सुनेलाच शिकवायचा, लेकीला नाही, अशी घरची रीत. सुके खोबरे आणि खसखस भाजल्याचा वास आला की ती सकाळ आठवते.

शकूआत्या अब्बासियाहून पहिल्या बसने आली होती. तिने मैदा भिजवला, कांदे चिरले. माझ्या आईने मसाला भाजायला तवा ठेवला तशी आजी म्हणाली, "शकू, बकाल्यातून दही आण."

"दही आहे घरात."

"मग दूध आण."

"अहो आई, त्या लेक आहेत तुमच्या," माझी आई म्हणाली.

"म्हणून तर. उद्या हिच्या सासरचे आपली करंजी म्हणून मिरवतील."

"इथे कुठलं सासर? एका खोलीत आम्ही दोघं आणि एसी," आत्या म्हणाली आणि चपला घालून दुकानात गेली.

ती परतली तेव्हा मसाला खिम्यात मिसळून झाला होता. मग सगळ्या करंज्यांना तिनेच मुरड घातली, बारीक, एकसारखी. जेवताना तिने एकही घेतली नाही. तेव्हा मला वाटले, भूक नसेल.

आजी गेल्यावर आत्याने फोनवर आईला तो मसाला विचारला. "शकूताई, मी आईंना शब्द दिलाय," आई म्हणाली.

यंदा आईने तो मसाला माझ्या भावाच्या बायकोला शिकवला. मी, तिची मुलगी, त्याच घरात होते.