बारा कोरी संमतीपत्रं

बाबूसिंग राठोडचा स्वभावच असा, की दुधावर साय जाड आली तरी तो गवळ्याकडे वाकडं बघायचा. आर्णीकडच्या एका कॉलेजात तो बावीस वर्षं मैदानाचा शिपाई. फक्कीने कबड्डीच्या रेघा मारायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा संशय घ्यायचा. मुलींच्या संघावर मात्र त्याचा जीव होता. पहिल्या मुली त्यानेच घरोघरी फिरून, बापांच्या हातापाया पडून मैदानावर आणल्या होत्या.

कॉलेजचे मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ आसपासच्या तालुक्यांच्या साखळी स्पर्धेत खेळायचे. एसटीने जायचं, सामना खेळायचा, यजमान गावातल्या घरांत जेवून संध्याकाळी परत. करंडक बहुतेक आपलाच. यंदा संस्थेचे सचिव रामराव म्हणाले, ही साखळी सोडून नागपूरच्या मोठ्या लीगमध्ये जायचं. वर्षाला आठ लाख मिळणार, मॅट मिळणार. पण तिथले संघ तगडे, सुरुवातीला मार खावा लागणार आणि वर्गही बुडणार. मुलींना चार-चार दिवस नागपुरात राहावं लागेल, म्हणून बाराही जणींच्या घरून संमतीपत्रावर सही हवी होती.

बाबूसिंगला वास आलाच. तो पुन्हा घरोघरी फिरला.

“आठ लाख कोनी फुकट देते का? पानी मुरून राह्यलं कुठंतरी. पोरी कुठं ठेवतीन, कोनाले ठाऊक? माह्यं आयका, सही करू नका.”

सह्या अडल्या की सौदा बारगळेल आणि जुनी साखळी टिकेल, हा त्याचा हिशेब. एकाही घरून सही आली नाही.

सौदा काही बारगळला नाही. लीगने नुसता मुलांचा संघ घेतला आणि पाच लाख दिले. कॉलेज दुसऱ्या लीगमध्ये गेलं म्हणून जुन्या साखळीने त्याचं नावच काढून टाकलं, मुलींच्या संघासकट. रामरावांनी त्या पाच लाखांच्या खर्चाचा तपशील सूचनाफलकावर लावला. बाबूसिंगने चष्मा पुसून तो तीनदा वाचला. एका रुपयाचीही गफलत सापडली नाही, याचा त्याला भयंकर राग आला.

संघाची कर्णधार निशिगंधा मैदानावर आली. “काका, आता आमी कोनासंग खेळाव?”

“तुह्या बापानं सही काहून नाई केली मंग?” त्याने उलट तिलाच विचारलं.

“बाबा म्हने, बाबूसिंग कोनावरच इस्वास ठेवत नाई, म्हनून त्याच्यावर ठेवता येते.”

ती रागावलीसुद्धा नाही. बॅग उचलून एसटी पकडायला निघून गेली, आणि बाबूसिंगला तेच जास्त लागलं.