भिंतीकडे तोंड केलेला फळा

सरकारी कचेरीत कागद साचतात, तसे किस्सेही साचतात. फरक इतकाच की कागदांना वाळवी लागते आणि किश्श्यांना लागत नाही. मद्रासेहून अर्थशास्त्राची एम.ए. घेऊन मी निजाम सरकारच्या नोकरीत शिरलो, तेव्हा मोठी लढाई चालू होती आणि धान्याचे भाव आठवड्याआठवड्याला बदलत होते. दुकानांवरच्या भावफळ्यांची तपासणी करणे, हे माझे पहिले काम. गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. धारूरच्या डोंगरातून खाली उतरणाऱ्याला जी पहिली पेठ लागते, ती आमची, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

हुकूम साधा होता. दुकानदाराने स्वतःचा भाव स्वतः ठरवावा, तो फळ्यावर लिहून लावावा आणि लिहिला त्याच भावाने विकावे. यात चुकण्यासारखे काय आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते!

या सगळ्या किश्श्यांत एक बाई वारंवार येईल. तिचे नाव सखूबाई. डोंगरावरची धनगरीण, घरात खाणारी सात तोंडे. दर गुरुवारच्या बाजाराला ती निजामी चलनातला एक हाली रुपया घेऊन उतरे आणि त्या रुपयाची ज्वारी घेऊन वर जाई. त्या ज्वारीवर घराचा आठवडा निघे. फळ्यावर लिहिलेली ज्वारी तिच्या ओच्यात पडते की नाही, एवढाच खरा प्रश्न होता.

*

पहिल्या तपासणीला मी मोतीराम शेठच्या दुकानात गेलो. पेठेतले सर्वांत मोठे दुकान. फळा कुठेच दिसेना.

"शेठजी, फळा लावलेला नाही!"

"लावलाय की साहेब. ह्यो काय."

त्यांनी बोट दाखवले. खुंटीला एक फळी टांगलेली होती, आणि तिचे तोंड भिंतीकडे होते.

"अहो, हा वाचणार कोण?"

शेठ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "हुकमात 'लावावा' म्हणलंय साहेब. तोंड कुणीकडं करायचं ते लिवलेलं न्हाई."

मी हुकूम पुन्हा वाचला. लिहिलेले नव्हते! त्याच दिवशी कचेरीत परतून मी एक ओळ वाढवली.

*

फळ्याचे तोंड रस्त्याकडे वळले. त्यावर लिहिले होते, रुपयाला दहा शेर ज्वारी. मी समाधानाने दुकानात शिरलो, तर सखूबाई मोजून घेत होती आणि शेठ तिला आठच शेर देत होते.

"फळ्यावर दहा आहेत!" मी म्हणालो.

"फळ्यावरची ज्वारी संपली साहेब."

"आणि ही?"

"ही दुकानातली हाय."

दुकानात ज्वारीची एकच रास होती. तिच्यावरून एक सुतळी आडवी टाकलेली होती. अलीकडची ज्वारी फळ्याची, ती संपली. पलीकडची शेठची! सुतळीच्या अलीकडे खरोखरच जमीन दिसत होती, हे मला मान्य करावे लागले.

सखूबाईने ओचा बांधला आणि माझ्याकडे पाहिले. "साहेब, ज्वारीला ठावं हाय का, ती कुणीकडची हाय ते?"



*

पुढचा किस्सा सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी आहे.

सुतळीच्या प्रकारानंतर मी नवा मसुदा केला. भाषा शक्य तितकी नेमकी ठेवली. "फळ्यावरील आकड्याहून जास्त आकड्याने कोणीही विक्री करू नये." तहसीलदारसाहेबांनी सही केली, गावात दवंडी पिटली गेली आणि मी त्या आठवड्यात शांत झोपलो.

गुरुवारी पाहतो तो काय, प्रत्येक फळ्यावर दहा, आणि प्रत्येक मापात सहा! शेवटी मी मोतीराम शेठच्या दुकानाशी पोहोचलो. सखूबाई सहा शेर घेऊन दारातच उभी होती. तिच्या ओच्याकडे मला पाहवेना.

"हे काय चालवलंय शेठजी?"

"तुमचाच हुकूम साहेब. आकड्याहून जास्त देऊ नका म्हणलात. आमी कुठं जास्त दिलं?"

मी मद्रासेत शिकलेला भाव म्हणजे मणाला इतके रुपये. आकडा चढला की महागाई. इथला भाव म्हणजे रुपयाला इतके शेर. आकडा चढला की स्वस्ताई! दुकानदाराला रोखण्यासाठी मी लिहिलेले वाक्य गिऱ्हाइकालाच रोखत होते. संपूर्ण तालुक्यात ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली नाही असा मीच एकटा होतो, आणि एम.ए.ही मीच एकटा होतो.

आमचे पेशकार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, रहीमुद्दीनसाहेब वयस्कर आणि मितभाषी. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि विचारले, "बरखुरदार, तुमच्या घरी ज्वारी कोण आणतं?"

"आई."

"मग पुढचा मसुदा त्यांच्याकडून करून घ्या."

*

पुढचा मसुदा मी आईला वाचून दाखवला. (हे कचेरीत कोणाला सांगितले नाही.) त्यात तीन कलमे होती. आकडा असेल तितके शेर दिलेच पाहिजेत. भाव जुना असला तरी फळा पुसला जाईपर्यंत तोच भाव खरा. आणि ज्या दुकानावर फळा नाही, त्याने काहीही विकू नये.

चौथे कलम आमचा चपराशी दगडू याने सुचवले. "साहेब, आकडा वाचतंय कोण हितं? धनगर लोक मेंढरं मोजताना दगडावर कोळशाच्या रेघा वढत्यात. तशा रेघा काढायला सांगा की."

म्हणून आकड्याशेजारी तितक्या उभ्या रेघा आल्या. सखूबाईने पहिल्यांदा बोट लावून त्या मोजल्या, तेव्हा मला पदवीदानाच्या दिवसापेक्षाही अधिक आनंद झाला.

तो आठवडाभर टिकला.

मी घोडीवरून तपासणीला जाई तेव्हा मोतीराम शेठच्या फळ्यावर आठ रेघा असत आणि मापही आठच असे. सगळे कायदेशीर! पण डोंगरावरचे लोक शपथेवर सांगत की फळ्यावर बारा रेघा होत्या. बारा पाहून ते दुकानात शिरत. आत आठ मिळत. तोवर बाजार उठत आलेला असे आणि परत जायला चार कोस चढण!

मी दगडूला विचारले, "मी गेल्यावर बारा कशा होतात?"

दगडूने मान खाजवली. "साहेब, रागावणार न्हाई न्हवं?"

"नाही."

"आधी तुमच्या घोडीच्या गळ्यातली घंटी काढा."

*

घंटी काढायची वेळच आली नाही. पुढच्या गुरुवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, कचेरीच्या फाटकापाशी गलका झाला. मी व्हरांड्यात आलो. पुढे सखूबाई, मागे निम्मा बाजार, आणि तिच्या डोक्यावर मोतीराम शेठचा फळा!

तहसीलदारसाहेब बाहेर आले. "बाई, हे काय आणलंस?"

"साक्षीदार आणलाय मालक. शेठ आठ म्हनतो, ह्यो बारा म्हनतो. शेठला म्हणलं, कावून रं असं, तर म्हनतो फळा जुना हाय, मागल्या सुगीचा. म्हणलं, मग पूस. तर म्हनतो, तू जा, मग पुसतो. म्हणलं, बरं, जाते. फळ्याला घेऊनच जाते."

दगडूने फळा उतरवला. वरच्या बाजूला बारा रेघा. साहेबांनी तो उलटा केला. मागे आठ!

एकाच फळ्याला दोन तोंडे, आणि त्यांतले एक केवळ माझ्यासाठी राखलेले.

तेवढ्यात मोतीराम शेठ धापा टाकत आले. "साहेब, चोरी! दिवसाढवळ्या चोरी! बाईनं माझा फळा पळवला!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "ज्या दुकानावर फळा नाही, त्याबद्दल आपलं कलम काय?"

मी वाचले. "त्याने काहीही विकू नये."

"शेठजी, आत्ता दुकानावर फळा आहे?"

"कुठनं असल साहेब? फळा तर हितं हाय!"

"मग विक्री बंद."

गुरुवार, भर दुपार, आणि समोरच्या दुसऱ्या दुकानापुढे गिऱ्हाइकांची रांग लागताना व्हरांड्यातून स्पष्ट दिसत होती. शेठ हात जोडून म्हणाले, "साहेब, मग फळा तरी द्या."

साहेब म्हणाले, "फळा बाईंचा साक्षीदार आहे. त्यांना विचारा."

सखूबाई एव्हाना फळ्यावरच बसली होती. तिने रुपया पुढे ठेवला आणि ओचा पसरला. "बारा माप शेठ. मग ने."

पोते आणि शेराचे माप कचेरीच्या व्हरांड्यातच आले. आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत आहे. शेठ पहिले माप ओतताना 'लाभ' म्हणायला अडखळले, तेव्हा मागून निम्म्या बाजाराने तो शब्द पुरा केला. बारावे माप पडेपर्यंत सखूबाई बोटाने रेघा मोजत होती. मग ती उठली, ओचा बांधला आणि फळा शेठच्या हाती दिला.

पुढच्या गुरुवारी मी घंटी काढून, घोडीही घरी ठेवून, पायी पेठेत गेलो. पेठेतल्या सातही दुकानांवर फळे होते. रेघा ताज्या, आणि मापाशी जुळणाऱ्या. प्रत्येक फळ्याची मागची बाजू काळ्या डांबराने माखलेली होती. आणि प्रत्येक फळा साखळीने भिंतीला बांधून त्याला कुलूप घातलेले होते.