चौकशीच्या अध्यक्षांना हार्दिक शुभेच्छा

माझे मामा जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि उमरखेडला येऊन राहिले. गावात त्यांना मान फार, काम काहीच नाही. गणपतीत आरतीला बोलावणं यायचं, एखाद्या निबंधस्पर्धेचं परीक्षण यायचं, तेवढंच.

मागच्या वर्षी बाजार समितीच्या गोदामात तुरीच्या पोत्यांतून माती निघाली. ओरड झाली, तसे आमचे नेते गाड्या घेऊन मामांकडे आले. आधी त्यांनी तब्येतीची चौकशी केली, मग मातीच्या चौकशीचं काढलं.

"साहेब, अध्यक्ष तुम्हीच व्हा. तुमच्या नावावर कोणी बोट ठेवत नाही."

"मला कोणालाही बोलावता येईल? सभापतींनासुद्धा?"

"कोणालेही बोलवा. मलेबी बोलवा."

मामांनी विचार करून कळवतो म्हटलं. पण संध्याकाळीच चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली, आणि एक दिवसाआड होणारी दाढी रोज होऊ लागली.

होकार कळवायच्या आतच बस स्थानकासमोर बॅनर लागला. मी मामांबरोबर भाजीला गेलो होतो. मध्यभागी मामा, कुठल्याशा लग्नाच्या फोटोतून कापलेले, खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात. अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल अभिनंदन. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि रांगेत पहिले, हात जोडलेले, बाजार समितीचे सभापती.

मामांनी तिथूनच नेत्यांना फोन लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हणसानच न, साहेब. बॅनर तं लागलं."

"सभापती शुभेच्छुक कसे?"

"थे छापणाऱ्याची चूक हाये जी. त्याच्यापाशी खालची पट्टी तयारच रायते. जयंती असो का वाढदिवस, चेहरे तेच. वरचा फोटो तेवढा बदलते."

"मग माझा काढा."

"काढून कोणाचा लावू?" हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मामांनी फोन ठेवला. "मी हो म्हणणार होतो," ते म्हणाले.

"मग म्हणा. पहिल्याच दिवशी सभापतींना बोलवा."

"बोलावलं तर येईल. आणि आधी मला हार घालेल."

आठवड्याभरात मामांच्या चेहऱ्यावर एका निवृत्त प्राचार्यांचा चेहरा चिकटवला गेला. हे प्राचार्य भले गृहस्थ. साक्ष कशी नोंदवायची हे विचारायला ते मामांकडेच आले. मामांनी त्यांना दुपारभर बसवून घेतलं, चहा दोनदा झाला, उलटतपासणी करूनही दाखवली. मामांना इतकं खुशीत मी त्यानंतर पाहिलेलं नाही.